पाठीवर सॅक, रत्नागिरीत दोन मुक्काम

लग्नाला बावीस वर्षं झाली, तरी आम्ही दोघंच असे फिरायला म्हणून कुठे गेलो नव्हतो. गेलो ते लग्नांना, मय्यतीला, दवाखान्यात आणि एकदा मुंबईला, अम्मींना हजला पोहोचवायला. त्यामुळे गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाठीवर एकेक सॅक अडकवून अंगणात उभे राहिलो, तेव्हा अम्मींनी तसबीह थांबवून विचारलं, "दोनोंच जाते? लोगां क्या बोलेंगे?"

लोक काही बोलले नाहीत. समोरच्या दुकानदारानं फक्त "सर, ट्रेकिंग का?" असं विचारलं. आमचे हे घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवतात, पण बायको शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते म्हणून सगळी आळी त्यांनाच सर म्हणते. सॅक लेकीची होती, जुनी, एनसीसीच्या कॅम्पची. दुसरी शेजारच्या मुलाकडून मागून आणलेली. तीन दिवसांचे कपडे, जानमाज, पाण्याच्या बाटल्या, ह्यांच्या गुडघ्याचं तेल आणि अर्धा किलो कंदी पेढे. साताऱ्याचा माणूस पेढ्यांशिवाय कुणाच्या दारात जात नाही.

सहलीचं खरं कारण मात्र लेक होती. ती बारावी सायन्सला आहे. डॉक्टर, इंजिनियर, फार्मसी, सगळं घरात बोलून झालं होतं. एका रात्री जेवताना तिनं सांगितलं की तिला बी. एफ. एस्सी. करायचंय. म्हणजे मत्स्यविज्ञान. चार वर्षांची पदवी, आणि त्याचं कॉलेज रत्नागिरीला, शिरगावला, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. घरात क्षणभर कुणी घास गिळला नाही. मग ह्यांनी विचारलं, "म्हणजे मासे विकायचे?" लेकीनं शांतपणे कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी अशी धरणं बोटांवर मोजली. "अब्बा, एवढं पाणी आपल्या जिल्ह्यात आहे. त्यात रोहू, कटला कोण वाढवतंय, पिंजऱ्यात मासे कसे पाळतात, हे कुणी तरी शिकायला नको का?" उत्तर कुणापाशी नव्हतं. पण मुलगी, हॉस्टेल, परका जिल्हा, घाटापलीकडे. हो म्हणायला जीभ वळेना आणि नाही म्हणायला कारण सापडेना. तेव्हा ठरलं, आधी गाव तरी बघून येऊ.

एसटी साताऱ्याहून निघाली. महिला सन्मान योजनेमुळे मार्च २०२३ पासून बाईमाणसाला अर्धं तिकीट. कंडक्टरनं एक अर्धं आणि एक पूर्ण फाडलं, तेव्हा हे म्हणाले, "बघा, सरकारच्या हिशेबानं तुमचं वजन माझ्या निम्मं." उंब्रज, मल्हारपेठ, पाटण, मग कोयनानगर. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचा विषय या रस्त्यावर कुणी ना कुणी काढतोच, आमच्या पुढच्या बाकावरच्या आजोबांनीही काढला. कुंभार्ली घाट सुरू झाला आणि हवा बदलली. वर कोरडा गारवा होता, खाली उतरता उतरता अंगाला ओल चिकटायला लागली. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर चहा घेतला. पुढे सगळा रस्ता लाल मातीचा, काजूच्या झाडांचा. रत्नागिरी यायला संध्याकाळ झाली.

पहिल्याच लॉजवर आमच्या आधार कार्डांवरची नावं वाचल्यावर खोल्या संपल्या. काउंटरच्या मागे फळीवर किल्ल्यांची रांग लटकत होती. ह्यांनी ती मोजली, घड्याळवाल्याची नजर, आणि काही न बोलता कार्डं परत घेतली. एवढीच गोष्ट. ती लिहावी की नाही यावर आमच्यात वाद झाला. मुलीला ज्या गावात ठेवायचं त्या गावाबद्दल जे दिसलं ते सगळंच लिहायला हवं, म्हणून लिहिली. दुसऱ्या बाजूला हेही लिहायला हवं की त्याच रात्री साडेआठला, शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या एका फोनवर, राजिवड्यात एक दार उघडलं आणि आम्हाला कधीही न पाहिलेल्या एका खालांनी आमच्या पाठीवरच्या सॅक स्वतः उतरवून घेतल्या.

खाला सत्तरीच्या. दोन मुलगे आखातात, सुना इथे. कोकणातल्या मुसलमानांच्या घरात हे चित्र नवीन नाही. या किनाऱ्यावरची माणसं पिढ्यान् पिढ्या जहाजांवर खलाशी म्हणून गेली, केपटाऊनपर्यंत जाऊन वसली. आमच्या देशावरच्या घरांत बाहेरगाव म्हणजे पुणे, फार तर मुंबई. इथे स्वयंपाकघरातल्या भिंतीवर दोन घड्याळं होती, एक इथल्या वेळेचं, एक कुवेतच्या. ह्यांनी दुसरं खाली काढून पाहिलं, पाच मिनिटं मागे होतं, ते लावून दिलं. खालांना त्याचं फार अप्रूप वाटलं. जेवायला तांदळाची भाकरी, तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण आणि सोलकढी. आम्ही मटण-चपातीवर वाढलेली माणसं, तिरफळानं जीभ बधिर झाली, पण भाकऱ्या किती खाल्ल्या ते सांगत नाही.

इशाची नमाज आम्ही मुसाफिर म्हणून कसर केली, चारऐवजी दोन रकात. बावीस वर्षांत दोघांनी मिळून कसर करायची ही पहिलीच वेळ असावी.

पहाटे फजर उरकून मिरकरवाड्याच्या बंदरावर गेलो. वर्णन करायला बसलं तर पानं संपतील. होड्या लागत होत्या, टोपल्या उतरत होत्या, लिलाव चालला होता आणि बोली लावणाऱ्यांत बाया सर्वात पुढे. सुरमई, पापलेट, म्हाकूळ, तारल्यांचे ढीग. आम्हाला लिलावाची एकही खूण कळली नाही. बोटं, भुवया, अर्धे शब्द, आणि माल विकून मोकळा. एका वयस्क मच्छिमाराला आम्ही लेकीबद्दल सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, मासा कमी झालाय, पर्ससीनवाले आणि आमच्यासारखे छोटे यांची भांडणं कोर्टकचेऱ्यांपर्यंत गेली, जून-जुलैत बंदी असते तरी पिल्लं जाळ्यात येतात. शिकलेली माणसं बंदरावर यायलाच हवीत, फक्त त्यांनी आमचं ऐकूनही घ्यावं. ह्यांनी खिशातली छोटी वही काढून काही तरी टिपलं. दुकानात गिऱ्हाइकांची घड्याळं नोंदवायची ती वही. काय लिहिलं ते दाखवलं नाही.

मग थिबा पॅलेस.

शाळेत इतिहासात एक ओळ असते, ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत ठेवलं. बस, एवढीच. जागेवर गेल्यावर त्या ओळीतून माणसं बाहेर येतात. लाल रंगाची तीन मजली इमारत, उतरती छपरं, अर्धगोल लाकडी खिडक्या, वर रंगीत काचा. भोवती मोकळं रान. आत पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, सोमवारी बंद असतं, जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. वरच्या मजल्यावरच्या दालनात संगमरवरी फरशी आहे. मागच्या बाजूला बुद्धमूर्ती. पायऱ्या चढताना ह्यांचा गुडघा कुरकुरला, म्हणून आम्ही व्हरांड्यात बराच वेळ टेकलो आणि त्या बसण्यातच सगळं नीट समजून घेतलं.

थिबा १८७८ साली गादीवर आला तेव्हा तो विशीचासुद्धा नव्हता. तो काही संत नव्हता. गादी राखण्यासाठी १८७९ मध्ये त्याच्या राजवाड्यात कितीतरी भाऊबंदांची कत्तल झाली, ती त्याची राणी सुपयालत आणि सासूनं घडवली की कुणी, यावर पुस्तकं आहेत, पण रक्त सांडलं हे खरं. नंतर इंग्रजांच्या एका लाकडाच्या कंपनीशी सागवानावरून तंटा झाला, दंड ठोठावला, आणि त्या निमित्तानं इंग्रज फौज इरावती नदीतून आगबोटींनी वर गेली. नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले पडलं. १ जानेवारी १८८६ ला ब्रह्मदेश इंग्रजी राज्याला जोडला गेला. राजा, दोन राण्या आणि लहान मुली यांना आधी मद्रासला आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. तेव्हा इथे रेल्वे नव्हती, घाटरस्ते अवघड. समुद्राकडून आलेला माणूस समुद्राकडूनच जाणार, आणि समुद्रावर इंग्रजांचा पहारा. कैदी ठेवायला याहून सोयीची जागा कोणती?

हा राजवाडा मात्र १९१० साली तयार झाला. त्याआधीची चोवीस वर्षं ही मंडळी सरकारनं दिलेल्या बंगल्यांत राहिली. राजवाड्यात राजाला सहाच वर्षं मिळाली. डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला, वय सत्तावन्न. गच्चीतून तो दुर्बिणीनं जहाजं बघत बसायचा, असं इथे सांगतात. खरं-खोटं अल्लाह जाणे, पण त्या व्हरांड्यात बसलेल्या कुणालाही ते खरंच वाटेल.

त्याची कबर शिवाजीनगर भागात आहे. आजूबाजूला वस्ती, मधे दगडी थडगी, त्याचं आणि धाकट्या राणीचं. सुपयालतनं देह मायदेशी नेऊ द्या म्हणून हट्ट धरला होता. सरकारनं ऐकलं नाही. ती स्वतः १९१९ साली मुलींना घेऊन रंगूनला परतली, नवरा इथेच राहिला. त्याच्या देशाच्या लोकांना त्याची आठवण फार उशिरा झाली. २०१२ च्या डिसेंबरात ब्रह्मदेशचे अध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले. २०१६ मध्ये मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा त्याचे वंशज आणि तिकडचे मोठे अधिकारी आले. आम्ही गेलो तेव्हा कुणी नव्हतं. एक मुलगा सायकल टेकवून मोबाइल बघत होता.

तिथे उभं राहिल्यावर आम्हाला रंगूनची कबर आठवली नसती तरच नवल. वर्गात बहादूरशाह ज़फ़र शिकवताना दर वर्षी आम्ही फळ्यावर एक रेघ ओढतो, दिल्ली ते रंगून. १८५८ मध्ये लाल किल्ल्यात खटला, त्याच वर्षी हद्दपारी, ७ नोव्हेंबर १८६२ ला परक्या गावात मृत्यू, आणि कबर अशी पुरली की खूणही राहू नये. ती खूण १९९१ साली खोदकाम करताना सापडली. बेगम ज़ीनत महल त्यांच्यामागे चोवीस वर्षं रंगूनलाच राहिल्या आणि १८८६ च्या जुलैमध्ये तिथेच वारल्या. म्हणजे थिबाला रत्नागिरीत आणून तीन महिने झाले होते. इंग्रजांनी हिंदुस्थानचा बादशाह ब्रह्मदेशात नेऊन ठेवला आणि ब्रह्मदेशचा राजा हिंदुस्थानात. जणू दोन घड्याळांचे काटे काढून एकमेकांत बसवले, असं हे म्हणाले. तो त्यांच्या धंद्याचा दृष्टांत, पण आम्हाला पटला. यापुढे फळ्यावर दुसरी रेघही ओढायची, मंडाले ते रत्नागिरी, असं तिथेच ठरवलं.

साताऱ्याच्या माणसाला तिसरी रेघही माहीत असते. आमचे प्रतापसिंह महाराज १८३९ साली गादीवरून उतरवले गेले, काशीला नेले गेले आणि १८४७ मध्ये तिथेच वारले. रंगो बापूजी त्यांची बाजू मांडायला विलायतेला जाऊन वर्षानुवर्षं बसले, हात हलवत परत आले. थोरल्या मोठ्या राज्यांच्या गोष्टी ऐकताना आपल्या पेठेतली गोष्ट विसरू नये.

पण त्या दिवशी आमच्या डोक्यात राजे नव्हते. राजाच्या मुली होत्या.

थिबाला चार मुली. दोन मंडालेला जन्मलेल्या, तिसरी मद्रासला, चौथी इथे रत्नागिरीत. कैदेत वाढल्या. राजकन्येच्या थाटात वाढल्या, पण शाळा त्यांच्यासाठी नव्हती. नोकरचाकरांच्या तोंडून मराठी शिकल्या आणि अगदी इथल्यासारखी बोलू लागल्या. लग्नाचं वय आलं. बापाला राजघराण्यातलाच जावई हवा, आणि तसे मुलगे उरलेच होते कुठे? काही कत्तलीत गेले, काही देशोधडीला लागले. सरकार एक नाव सुचवे, राजा नाकारी. राजा एक सुचवी, सरकार नाकारी. पत्रव्यवहार चालू राहिला आणि मुली मोठ्या होत राहिल्या. बाप वारला तेव्हा चौघींपैकी एकीचंही लग्न झालेलं नव्हतं, थोरलीनं छत्तिशी गाठली होती.

थोरलीचं नातं जडलं ते गोपाळ सावंत नावाच्या राजवाड्यातल्या मराठी नोकराशी. त्याचं आधीच लग्न झालेलं होतं. १९०६ साली तिला मुलगी झाली, तिचं नाव टुटू. थोरली आईबरोबर ब्रह्मदेशी गेली खरी, पण तिथे तिचं मन रमलं नाही की तिला कुणी रमू दिलं नाही, ती मुलीला घेऊन पुन्हा रत्नागिरीलाच आली आणि १९४७ मध्ये इथेच गरिबीत वारली. टुटूनं एका मराठी मेकॅनिकशी संसार केला, शेणी थापल्या, कागदाची फुलं करून विकली, मुलं वाढवली. तिला मराठीखेरीज भाषा येत नव्हती. २००० साली ती गेली. तिला पाहिलेली माणसं रत्नागिरीत अजून आहेत, आमच्या खाला त्यातल्याच. "म्हातारी फार हसरी होती," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसरीनं बापामागे आईची मर्जी मोडून राजाच्या जुन्या चिटणिसाशी लग्न केलं. आईनं तिचं तोंड पुन्हा पाहिलं नाही.

थोरलीच्या वागण्याला आम्ही दाखला देत नाही, ते कुणाही घराला मान्य होणार नाही. पण राजवाड्याच्या त्या जिन्यात उभं राहिल्यावर प्रश्न वेगळाच पडला. या मुलींना बापानं कमी जपलं होतं का? उलट, जपण्याखेरीज दुसरं काही केलंच नव्हतं. भिंती होत्या, पहारा होता, नोकर होते. हातात कला नाही, पदवी नाही, बाहेरच्या जगातल्या माणसाची पारख करायची सवय नाही.

संध्याकाळी थिबा पॉइंटवर गेलो. खाली काजळी नदी, भाट्याचा पूल, पलीकडे सुरूचं बन आणि समुद्र. जोडपी फोटो काढत होती. आम्ही भांडत होतो. हळू आवाजात, पण भांडणच. हे म्हणाले, राजवाड्यातली गोष्ट वेगळी, आपल्या लेकीला आपण कोंडलं आहे का? ती सायकलवर कॉलेजला जाते. आम्ही म्हटलं, जाते, आणि मगरिबला पाच मिनिटं उशीर झाला की तुम्ही दुकान टाकून नाक्यावर उभे राहता. ते म्हणाले, मग उद्या इथे उशीर झाला तर नाक्यावर कोण उभं राहील? याला आमच्याकडेही उत्तर नव्हतं. लॉजवरच्या किल्ल्या दोघांनाही आठवल्या. ज्या गावात आपल्याला खोली मिळाली नाही तिथे तिला भाड्यानं खोली कोण देणार, हे त्यांनी बोलून दाखवलं, आम्ही मनात धरलं. मग साताऱ्याची आठवण निघाली. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेव्हा सगळ्या जातीधर्मांची पोरं एका पंगतीला बसवली, लक्ष्मीबाईंनी त्यांच्यासाठी मंगळसूत्र मोडलं. आमच्या गावानं दुसऱ्यांची मुलं जवळ केली. मग आपल्याच मुलीसाठी दुसऱ्या गावावर एवढा अविश्वास का? हे म्हणाले, ती पोरं होती, पोरी नव्हत्या. आम्ही गप्प बसलो. सूर्य बुडाला, अज़ान झाली, भांडण अर्धवट राहिलं.

रात्री खालांसमोर विषय आपसूक निघाला. त्या आमटीला फोडणी देत होत्या. वळून न बघता म्हणाल्या, "माझे दोन मुलगे विशीत कुवेतला गेले. एकटा कसा राहील, असं मला कुणी विचारलं नाही. नातीला नर्सिंगला पाठवली तर सगळ्या वाडीनं विचारलं." मग फोडणी चरचरली आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. आम्ही पुन्हा विचारलंही नाही.

तिसऱ्या दिवशी आधी झाडगावचं मत्स्यालय पाहिलं. शाळेतल्या मुलांना सहलीला न्यायची जागा आहे ही, शिक्षकांनी मनावर घ्यावं. रंगीत मासे, कासवं, शंख-शिंपले आणि देवमाशाचा भलामोठा सांगाडा, ज्याच्या बरगड्यांखाली उभं राहिलं की हज़रत युनूसची गोष्ट लहान मुलालाही समजावून सांगावी लागणार नाही. ह्यांना सांगाड्यापेक्षा काचेतला एक छोटा मासा आवडला. त्याच्यासमोर ते इतका वेळ उभे राहिले की मागची मुलं कंटाळली.

मग शिरगाव. सुट्टी होती, कॉलेजचं आवार शांत. फाटकावर वॉचमननं चौकशी केली, आम्ही खरं ते सांगितलं. त्यानं बसायला सांगितलं आणि सुट्टीतही थांबलेल्या एका मुलीला हाक मारली. मुलगी लातूरकडची, जिथे प्यायच्या पाण्यासाठी एकदा रेल्वे आणावी लागली होती. तिनं सांगितलं, रत्नागिरीला येईपर्यंत तिनं समुद्र पाहिला नव्हता, आणि पहिल्या आठवड्यात ती रोज रडत होती. मग? मग पहिल्यांदा माशाची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, आतलं काळीज धडधडताना दिसलं, आणि रडणं विसरली. आमची लेक काय म्हणेल ते आम्हाला तिच्या तोंडावरच दिसलं. ह्यांनी तिला खूप प्रश्न विचारले. पाणी कसं, मेस कशी, दवाखाना किती लांब, फाटक किती वाजता बंद होतं, शुक्रवारी काय करतात, आजारी पडलं तर कोण सांगतं. आम्हाला ओशाळल्यासारखं झालं. मुलीनं मात्र प्रत्येक प्रश्नाचं नीट उत्तर दिलं. शेवटी तीच म्हणाली, "काका, माझ्या बाबांनी याच्याहून जास्त विचारले होते." कंदी पेढ्यांचा राहिलेला पुडा तिला दिला.

बसला दोन तास होते. रत्नदुर्गाच्या दोन बाजूंना दोन किनारे आहेत, एकीकडे काळी वाळू, दुसरीकडे पांढरी, इथले लोक त्यांना काळा समुद्र आणि पांढरा समुद्र म्हणतात. पाण्याचा रंग एकच, वाळू वेगळी. लेकीनं दोन्हीकडची वाळू आणायला बजावलं होतं. गुडघ्याच्या तेलाची बाटली एव्हाना रिकामी झाली होती, तिच्यात काळी भरली. पांढरीसाठी बाटली नव्हती, ती ह्यांच्या रुमालात बांधली. खालांचा निरोप घ्यायला गेलो तर त्यांनी डब्यात सांदणं भरून ठेवलेली, वर ताकीद, डबा परत पाठवायचा नाही, आणून द्यायचा.

घरी पोहोचलो तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. अम्मी जाग्या होत्या. त्यांनी आधी ह्यांचा गुडघा विचारला, मग रत्नागिरीत मशिदी किती ते विचारलं, आणि सांदण चाखून "मीठा कम है" असा निकाल दिला. लेक दारात उभी. तिनं वाळूची बाटली दिव्यासमोर धरून पाहिली, तेलाचा वास घेतला, नाक मुरडलं. आमच्या तोंडाकडे पाहिलं, मग अब्बांच्या. बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी तिनं अगदी वरवरचा वाटेल असा प्रश्न विचारला, "अब्बा, हॉस्टेलपासून एसटी स्टँड किती लांब आहे?"

ह्यांनी खिशातून ती छोटी वही काढली, चष्मा लावला आणि पान उलटलं. "रिक्षानं चौदा मिनिटं," ते म्हणाले, "आणि साताऱ्याच्या गाड्या लिहून घे."